तीन पत्ती येणाऱ्यांसाठी पोकर: चिंचोक्यांवर खेळून शिकायची पद्धत

पोकर शिकायला बसलेल्या सोलापुरी माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यात कलर मोठा का सिक्वेन्स?"

पोकरमध्ये कलर मोठा. हे ऐकल्यावर समोरचा जरा नाराज होतो. दिवाळीत, लग्नघरात, उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्षानुवर्षं सिक्वेन्सने कलरला मारलेलं असतं. आता कुणीतरी येऊन उलटं सांगतंय. पण यामागचं कारण समजलं की अर्धा पोकर समजतो. तीन पत्त्यांच्या एकूण २२,१०० जुळण्या होतात. त्यात साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे बनतो आणि कलर १,०९६ प्रकारे, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ आणि मोठा. पोकर पाच पत्त्यांचा. तिथे एकूण जुळण्या २५,९८,९६०. त्यात सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. जे कमी वेळा येतं ते मोठं, एवढाच नियम. (तीन पत्तीत हा नियम एका जागी मोडलेला आहे, ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: ट्रेल ५२ प्रकारे बनते, प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे, तरी मान ट्रेललाच. रूढीपुढे गणिताचं काही चालत नाही.)

दुसरा फरक याहून मोठा. तीन पत्तीत समोरच्याचे तिन्ही पत्ते झाकलेले, त्यामुळे खेळ बराचसा हिमतीवर चालतो. पोकरमध्ये तुम्ही वापरू शकता अशा सात पत्त्यांपैकी पाच सगळ्यांसमोर उघडे पडतात. म्हणजे मोजायला काहीतरी आहे. तीन पत्तीत मुरलेला माणूस पोकरच्या पहिल्या तासात हटकून का हरतो, याचं उत्तर यातच आहे: मोजायला मिळत असताना तो हिंमत दाखवत बसतो.

या लेखात 'टेक्सास होल्डेम' हा प्रकार घेतलाय. पोकर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीच्या परिसरात रुजला. त्याचे पुढे अनेक प्रकार झाले. पण आज पोकर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर होल्डेमच येतो. १९७० पासून लास वेगासला भरणाऱ्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'ची मुख्य स्पर्धाही त्याचीच असते.

आधी पैशाचं

पैसे लावायचे नाहीत. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. 'निव्वळ कौशल्याचे' खेळ त्यातून वगळलेत, पण पोकर त्यात बसतो का यावर न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला, अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कौशल्याच्या बाजूने मत दिलं. मोबाइलवर पैसे लावून खेळायचा प्रश्न तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने निकालात काढला. त्यात कौशल्य आणि नशीब असा भेदच ठेवलेला नाही, पैशाचे सगळेच ऑनलाइन खेळ बंद.

कायदा बाजूला ठेवला तरी शिकताना पैसा आडवाच येतो. ज्याला शंभर रुपये जाण्याची भीती आहे तो मोजत नाही, घाबरतो. आणि ज्याला शंभराचं काहीच वाटत नाही तो तर मुळीच मोजत नाही.

बैठकीची तयारी

माणसं सहा असली तर उत्तम. चौघांतही जमतं. आठाच्या वर गेलात तर नवख्याची पाळी येईपर्यंत त्याचा चहा संपतो.

पत्त्यांचा एक कॅट लागतो, जोकर काढून ५२. शक्यतो प्लास्टिकचा घ्या. सोलापूरच्या मे महिन्यात घामेजलेल्या हातांनी कागदी पत्ते एका संध्याकाळीत फुगतात आणि मग पिसले जात नाहीत. खायला काय ठेवायचं ते ठेवा, पण शेंगाचटणी आणि कडक भाकरी डाव थांबवून, बाजूला बसून खा. हे स्वच्छतेपुरतं नाही. चटणीचं तेलकट बोट लागलेला एक्का पाठीवरून ओळखू येतो, आणि तो कॅट तिथेच बाद होतो.

पत्ते खेळायला मऊ पण सपाट जागा हवी. नुसत्या फरशीवरून पत्ता उचलताना नखं लावावी लागतात आणि तेवढ्यात तो शेजाऱ्याला दिसतो. सोलापुरी चादर दुहेरी घडी करून अंथरली की काम झालं. टॉवेल नको, त्याच्या लुसलुशीत धाग्यांवर चिप्सची (पैशांऐवजी लावायच्या चकत्यांची) चळत उभी राहत नाही. गच्चीवर बसणार असाल तर वाऱ्याचा विचार करा. खोलीत असाल तर पंख्याचा.

चिप्सचे प्लास्टिकचे संच विकत मिळतात, पण घरातल्या वस्तूंवर भागतं. माझी मांडणी अशी: चिंचोका म्हणजे १, शर्टाचं बटण म्हणजे ५, कॅरमची सोंगटी म्हणजे २५. आपल्या गावात शाळेच्या गणवेशांचे इतके कारखाने आहेत की बटणांची पिशवी कुणाच्या ना कुणाच्या घरी निघतेच. प्रत्येकाला २० चिंचोके, २१ बटणं आणि ३ सोंगट्या द्या. बेरीज २०० होते. सहा जणांना अठरा सोंगट्या लागतात, कॅरमच्या संचात राणी धरून एकोणीस असतात. उरलेली एक, म्हणजे राणी, डीलरची खूण म्हणून वापरा.

एक डाव कसा चालतो

राणी ज्याच्यासमोर तो डीलर. तो पिसतो, उजवीकडचा कापतो, आणि डीलर आपल्या डावीकडून एकेक करत प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले वाटतो. डाव संपला की राणी डावीकडे एक घर सरकते.

तीन पत्तीत सगळे बूट टाकतात. इथे दोघंच टाकतात: डीलरच्या डावीकडचा 'स्मॉल ब्लाइंड' म्हणून १, आणि त्याच्या डावीकडचा 'बिग ब्लाइंड' म्हणून २. तीन पत्तीतल्या ब्लाइंडशी याचा संबंध नाही. पत्ते न बघता खेळल्याबद्दल पोकरमध्ये कुणी सवलत देत नाही. ही फक्त सक्तीची वर्गणी आहे, आणि राणी फिरत असल्याने ती सगळ्यांवर पाळीपाळीने येते.

आता बोली. बिग ब्लाइंडच्या डावीकडच्यापासून सुरुवात. त्याला तीन रस्ते: पत्ते टाकून देणे म्हणजे फोल्ड (आपला पॅक), समोरच्याइतकंच म्हणजे २ टाकणे हा कॉल, किंवा वाढवणे म्हणजे रेज. वाढवताना निदान मागच्या वाढीइतकं तरी वाढवायचं, म्हणजे इथे कमीत कमी ४ पर्यंत. वर मर्यादा नाही, समोर आहे तेवढं सगळं लोटता येतं. त्याला ऑल-इन म्हणतात. फेरी कधी संपते? जे टिकलेत त्या सगळ्यांनी सारखी रक्कम टाकली आणि प्रत्येकाला एकदा तरी बोलायला मिळालं की. कुणीच वाढवलं नाही तर बिग ब्लाइंडला शेवटी विचारायचं, "तुम्ही वाढवता का?" हे विचारायला नवीन मंडळी हमखास विसरतात.

मग डीलर वरचा एक पत्ता न दाखवता बाजूला टाकतो आणि तीन पत्ते मधे उघडे मांडतो. हा फ्लॉप. पुन्हा बोलीची फेरी. पुन्हा एक पत्ता बाजूला, एक उघडा: टर्न. बोली. पुन्हा तसंच: रिव्हर. शेवटची बोली. वरचा पत्ता बाजूला टाकायचं कारण साधं आहे, त्याच्या पाठीवर खूण असेल किंवा तो चुकून कुणाला दिसला असेल तर फायदा होऊ नये.

फ्लॉपपासून पुढे बोली नेहमी डीलरच्या डावीकडच्या पहिल्या टिकलेल्या खेळाडूपासून सुरू होते, म्हणजे डीलर सगळ्यात शेवटी बोलतो. तोवर कुणी काही लावलं नसेल तर 'चेक' म्हणून फुकटात पाळी पुढे ढकलता येते. तीन पत्तीत ही सोय नाही, आणि म्हणून सुरुवातीला लोक ती वापरतच नाहीत. विनाकारण चाल टाकतात. साइड शो पोकरमध्ये नाही. रिव्हरनंतरही दोघं किंवा अधिक टिकले असतील तर पत्ते उघडायचे. त्याआधीच एक सोडून सगळे फोल्ड झाले तर उरलेला खेळाडू पॉट, म्हणजे मधे जमलेलं सगळं, घेतो, आणि त्याला पत्ते दाखवायची सक्ती नसते.

कोण मोठं

आपले दोन आणि मधले पाच, या सातांतून सर्वात चांगले पाच निवडायचे. आपले दोन्ही वापरा, एक वापरा, किंवा एकही वापरू नका, चालतं. मोठ्याकडून लहानाकडे, कंसात पाच पत्त्यांत ते किती प्रकारे बनतं:

रॉयल फ्लश (४): एकाच चिन्हाचे दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का.
स्ट्रेट फ्लश (३६): एकाच चिन्हाचे ओळीने पाच.
फोर ऑफ अ काइंड (६२४): चारही राजे, चारही सत्त्या वगैरे.
फुल हाउस (३,७४४): एकाचे तीन, दुसऱ्याचे दोन.
फ्लश (५,१०८): पाचही एका चिन्हाचे, आपला कलर.
स्ट्रेट (१०,२००): ओळीने पाच, चिन्ह कुठलंही.
थ्री ऑफ अ काइंड (५४,९१२): तीन सारखे.
टू पेअर (१,२३,५५२): दोन जोड्या.
वन पेअर (१०,९८,२४०): एक जोडी.
हाय कार्ड (१३,०२,५४०): काहीच नाही, मोठा पत्ता बघायचा.

तीन पत्तीत ज्याला आपण जगातलं मोठं समजतो ते तीन सारखे पत्ते इथे सातव्या क्रमांकावर आलेत, हे एकदा मनात पक्कं करा. एक्का-दुर्री-तिर्री बऱ्याच घरांत दोन नंबरचा सिक्वेन्स धरतात. पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सगळ्यात लहान स्ट्रेट. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री असं गोल फिरून स्ट्रेट होत नाही. आणि इस्पिक बदामापेक्षा मोठं वगैरे काही नाही, चारही चिन्हं सारखी.

भांडणं होतात ती बरोबरीवरून, म्हणून इथे थोडं थांबू. मधे एक्का, राजा, राणी, सत्ती, तिर्री आहे. तुमच्याकडे एक्का-गुलाम, समोर एक्का-नव्वी. दोघांकडे एक्क्यांची जोडी. पण पाच पत्ते पूर्ण करायचेत: तुमचे एक्का, एक्का, राजा, राणी, गुलाम, त्याचे एक्का, एक्का, राजा, राणी, नव्वी. पाचव्या पत्त्यावर तुम्ही जिंकलात. या बाजूच्या पत्त्याला किकर म्हणतात. आता मधल्या सत्तीच्या जागी गुलाम ठेवा, आणि तुमच्याकडे एक्का-नव्वी, समोर एक्का-अठ्ठी. दोघांचेही सर्वोत्तम पाच एक्का, एक्का, राजा, राणी, गुलाम असेच. नव्वी आणि अठ्ठी मोजलीच जात नाहीत, पॉट निम्मा-निम्मा. "पण माझी नव्वी मोठी हाय की!" हे वाक्य पहिल्या दिवशी एकदा तरी ऐकू येतंच. सहावा पत्ता पोकरमध्ये नसतो, एवढंच उत्तर.

खेळायच्या आधी याचा सराव करा. प्रत्येकी दोन आणि मधे पाच असे सगळे पत्ते उघडेच वाटा, बोली नाही, आणि कोण जिंकलं ते सगळ्यांनी मिळून सांगायचं. अर्धा तास असं केलं की पुढचा वाद वाचतो.

पत्ते टाकायला शिकणं

दोन पत्त्यांच्या १,३२६ जुळण्या असतात. जोडी येण्याची शक्यता सतरा डावांत एकदा. दोन एक्के २२१ डावांत एकदा. म्हणजे चांगले पत्ते क्वचितच येतात, आणि सहा जणांच्या बैठकीत नवख्याने पाचांपैकी चार डाव सुरुवातीलाच सोडले तर ते योग्यच आहे. "दोनच तर चिंचोके हायत, बघू की" या वाक्यात सगळं नुकसान साठलेलं असतं. दोनासाठी आत आलेला माणूस पुढे दहासाठी आणि मग चाळीसासाठी अडकतो.

काय खेळावं? पहिल्या महिन्यापुरतं असं ठेवा: लवकर बोलायची पाळी असेल तर अठ्ठ्यांपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि राजा-राणी एकाच चिन्हाचे असतील तर. हे पत्ते आले की नुसता कॉल करू नका, ५ किंवा ६ पर्यंत वाढवा. डीलर किंवा त्याच्या उजवीकडे असाल आणि पुढच्यांनी पत्ते टाकले असतील तर सगळ्या जोड्या, एक्का आणि दश्शीच्या वरचं काही, एकाच चिन्हाचे शेजारी पत्ते (बदाम नव्वी-दश्शी वगैरे) इथपर्यंत सैल व्हा.

जागेला एवढं महत्त्व का, तर शेवटी बोलणाऱ्याने बाकीच्यांनी काय केलं ते पाहिलेलं असतं. तेच पत्ते डीलरच्या जागी खेळण्यासारखे असतात आणि पहिल्या जागी टाकण्यासारखे. तीन पत्तीत ही जाणीव फारशी तयार होत नाही, कारण तिथे चाल गोल फिरतच राहते.

तीन सापळे सांगतो. एक, एक्का आणि लहान पत्ता. एक्का दिसला की हात सुटत नाही, पण एक्का-चौकी घेऊन एक्क्यांची जोडी लागली तरी समोरच्याकडे एक्का-राणी असली की किकरवर तुम्ही हरता, आणि हरता ते भरपूर. दोन, एकाच चिन्हाचे कुठलेही दोन. फ्लॉपवरच फ्लश तयार मिळण्याची शक्यता एक टक्काही नाही, ०.८४ आहे. तीन, लहान जोड्या. फ्लॉपवर तिसरा पत्ता येण्याची शक्यता साधारण साडेआठांत एकदा; स्वस्तात फ्लॉप बघायला मिळाला तर बघा, नाही लागला तर सोडा.

एक्का-राजासुद्धा फ्लॉपवर तीनांतून दोनदा कोरडाच राहतो. तेव्हा चिडून लढत बसू नये.

एक डाव सविस्तर

समजा गोल बैठक आहे. तात्या डीलर, डावीकडे अक्का (स्मॉल ब्लाइंड १), मग दाजी (बिग ब्लाइंड २), वहिनी, अण्णा, मामा. सगळ्यांकडे २०० आहेत.

वहिनींकडे सत्ती-दुर्री, वेगवेगळ्या चिन्हांची. होल्डेममधले सगळ्यात वाईट पत्ते म्हणून ही जोडगोळी ओळखली जाते. फोल्ड. अण्णांकडे इस्पिकचा एक्का, किलवरचा राजा. ते ६ करतात. मामा फोल्ड. तात्यांकडे बदाम दश्शी-नव्वी, आणि ते शेवटी बोलणार आहेत; कॉल. अक्का फोल्ड, त्यांचा १ पॉटमध्ये राहिला. दाजींकडे छक्क्यांची जोडी, ते आणखी ४ टाकतात. पॉट: ६ अधिक ६ अधिक ६ अधिक १, म्हणजे १९.

फ्लॉप: चौकटचा एक्का, बदाम सत्ती, बदाम दुर्री. दाजी चेक. अण्णांना एक्क्यांची जोडी लागलीय, ते १० लावतात. पॉट २९. आता तात्यांनी काय करावं?

त्यांच्याकडे अजून काहीच नाही, पण चार बदाम झालेत. पाचवा आला की फ्लश. कॅटमध्ये तेरा बदाम, चार दिसले, नऊ उरले. या उपयोगी पत्त्यांना आउट्स म्हणतात. तात्यांना न दिसलेले पत्ते ४७. पुढचा पत्ता बदाम असण्याची शक्यता ४७ त ९, म्हणजे १९ टक्के. टर्न आणि रिव्हर दोन्ही मिळून ३५ टक्के. तोंडी हिशेबाची युक्ती अशी: दोन पत्ते बाकी असतील आणि दोन्ही नक्की बघायला मिळणार असतील तर आउट्स गुणिले चार, एकच बाकी असेल तर गुणिले दोन. नऊ चोक छत्तीस, नऊ दुणे अठरा. खऱ्या आकड्याच्या अगदी जवळ.

आता दुसरी बाजू. तात्यांना १० टाकून एकूण ३९ चा पॉट मिळवायचाय. १० भागिले ३९, साधारण २६ टक्के. म्हणजे चारांतून एकदा जिंकलं तरी भरपाई होते. पुढच्या एका पत्त्यावर शक्यता १९ टक्केच, थोडी कमी पडते. पण बदाम आलाच तर अण्णा एक्क्यांच्या जोडीवर अजून देतील, हेही धरायला हवं. म्हणून कॉल चालतो. दाजी छक्क्या टाकतात, आणि बरोबर करतात: दोघं एक्का पडलेल्या फ्लॉपवर खेळतायत. पॉट ३९.

टर्न: इस्पिकचा राजा. अण्णांच्या दोन जोड्या झाल्या. ते २० लावतात, पॉट ५९. तात्यांची शक्यता ४६ त ९, म्हणजे साडेएकोणीस टक्के. लागतात २० भागिले ७९, म्हणजे २५ टक्के. आता 'पुढे मिळेल' या आशेचा आकडाच काढता येतो: बदाम आल्यावर रिव्हरला अण्णांकडून अजून निदान २४ निघाले तर हा कॉल बरोबरीत सुटतो. मधे तिसरा बदाम दिसत असताना अण्णा २४ देतील का? हा प्रश्न माणसाचा आहे, गणिताचा नाही. अण्णा सहसा पत्ते सोडत नाहीत हे तात्यांना ठाऊक आहे. कॉल. पॉट ७९.

रिव्हर: बदाम चौकी. अण्णा चेक. तात्या ३५ लावतात, अण्णा कपाळाला आठ्या घालून कॉल करतात. पॉट १४९, तात्यांचा फ्लश मोठा.

हा डाव पुन्हा चादरीवर मांडून बघा, कारण यात एक गंमत लपलीय. तात्या नऊ आउट्स मोजत होते, पण खरे सातच होते. रिव्हरला बदाम एक्का किंवा बदाम राजा आला असता तर तात्यांचा फ्लश झाला असता, पण अण्णांचं फुल हाउस. अण्णांचे पत्ते दिसत नसल्याने तात्यांना ते कळणं शक्य नव्हतं. तरी आपण मोजलेले सगळे आउट्स स्वच्छ नसतात एवढं गृहीत धरून चालावं. आणि अण्णा? त्यांनी रिव्हरपर्यंत सगळं नीट केलं. फ्लॉपवर त्यांनी १० ऐवजी २ लावले असते तर तात्यांना पुढचे पत्ते जवळपास फुकट बघायला मिळाले असते. चांगले पत्ते असताना समोरच्याला महाग पडेल एवढं लावायचं, म्हणजे पॉटच्या निम्म्यापासून पाऊणपर्यंत.

थाप मारणं

लोकांना पोकर म्हणजे ब्लफ वाटतं. नवख्याने ते सगळ्यात शेवटी शिकावं. तीन पत्तीत ब्लाइंड खेळत राहून समोरच्याला दबावात आणता येतं. पोकरमध्ये उघडे पत्ते तुमच्या बोलण्याला साक्ष असतात. फ्लॉपवर, टर्नवर गप्प बसून रिव्हरला एकदम सोंगट्या लोटल्या तर विचार करणारा माणूस विचारतो, "आत्ताच काय लागलं बे तुला?" त्याला मधल्या पत्त्यांत उत्तर सापडलं नाही की तो कॉल करतो.

हिशेब सोपा आहे. पॉट ४० असताना तुम्ही २० लावून थाप मारली, तर तीनांतून एकदा समोरचा पळाला तरी तुमचं नुकसान नाही. म्हणून छोट्या पॉटमध्ये, एकाच माणसासमोर, आणि आउट्स शिल्लक असताना मारलेली थाप परवडते. तिघांसमोर परवडत नाही. आणि जो मामा कधीच पत्ते टाकत नाही त्याच्यासमोर तर मुळीच नाही. त्याच्याविरुद्ध चांगले पत्ते येईपर्यंत थांबायचं आणि आले की भरपूर लावायचं.

ऑल-इन आणि दोन पॉट

कुणाचे चिप्स संपत आले की गोंधळ होतो. अक्कांकडे ३० उरलेत, दाजींकडे ८०, मामांकडे १५०. तिघंही भिडले: अक्का ३० ऑल-इन, दाजी ८० ऑल-इन, मामा ८० कॉल. अक्का प्रत्येकाकडून ३० पेक्षा जास्त जिंकू शकत नाहीत. म्हणून तिघांचे तीस-तीस मिळून ९० चा मुख्य पॉट, त्यावर तिघांचा हक्क. दाजी आणि मामांचे उरलेले पन्नास-पन्नास मिळून १०० चा वेगळा पॉट, तो फक्त त्या दोघांत. आधी वेगळ्या पॉटचा निकाल लावा, मग मुख्य. चादरीवर दोन ढीग लांब-लांब ठेवा, नाहीतर शेवटी कुणालाच काही आठवत नाही.

बसण्याचे नियम

पाळी येण्याआधी बोलू नका. 'मी तर सोडणारच' एवढं पुटपुटलं तरी पुढच्याला फुकटची माहिती मिळते. चिप्स एका झटक्यात पुढे करा किंवा आधी आकडा बोला. दहा ठेवून, समोरच्याचा चेहरा बघून, आणखी वीस सरकवणं चालत नाही. फोल्ड केलेले पत्ते डाव संपेपर्यंत कुणाला सांगू नका.

आपल्याकडे एक खास नियम लागतो. एकाच बैठकीत घरी तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे आणि मराठी बोलणारे असणं सोलापुरात नवलाचं नाही. डाव चालू असताना मात्र सगळ्यांना येणारी एकच भाषा. दोघंजण तेलुगूत हसून काही बोलले आणि तिसऱ्याला कळलं नाही, की ते जेवणाबद्दल बोलत होते तरी संशय राहतो. मोठ्या पोकर खोल्यांतही टेबलावर ठरलेल्या भाषेचा नियम असतो, तो याचसाठी.

मोबाइलवर खोट्या चिप्सचे ॲप मिळतात. डावाचा क्रम आणि जुळण्या पाठ व्हायला ते ठीक, पण तिथे लोक कुठल्याही पत्त्यांवर सगळं लोटून देतात, कारण संपले की पुन्हा फुकट मिळतात. तिथली सवय घेऊन चादरीवर येऊ नका. बैठकीतही संपलेल्याला लगेच नवे २०० देऊ नका. एकदाच द्यायचे असं आधी ठरवलं की चिंचोक्यांनाही किंमत येते.

दोन-तीन बैठका झाल्या की स्पर्धेसारखं खेळून बघा. सगळ्यांना २००, संपले की बाहेर, शेवटी उरेल तो जिंकला. ब्लाइंड दर वीस मिनिटांनी वाढवायचे: १-२, २-४, ५-१०, १०-२०, २०-४०. सहा जणांत मिळून १,२०० असल्याने दोन तासांच्या आसपास निकाल लागतो. ५-१० ला पोचलात की चिंचोक्यांचं काम संपतं. प्रत्येकाकडून पाच-पाच गोळा करून एकेक बटण द्या. त्यासाठी पंचवीसेक बटणं आधीच बाजूला काढून ठेवा. शेवटी दोघंच उरले की क्रम बदलतो: डीलरच स्मॉल ब्लाइंड टाकतो, फ्लॉपआधी तोच पहिला बोलतो, आणि फ्लॉपनंतर शेवटी. बाहेर पडलेल्यांपैकी एकाला पत्ते वाटायला बसवा, दोघांचा खेळ निम्म्या वेळात होतो.